बार्थ सिंड्रोमवरील एलामिप्रेटाइडच्या चाचण्या

एलामिप्रेटाइड हे पेशींमधील तंतुकणिकांवर, म्हणजेच मायटोकाँड्रियांवर, कार्य करणारे औषध आहे. बार्थ सिंड्रोम या दुर्मीळ आनुवंशिक आजारासाठी मान्यता मिळालेले हे पहिले औषध होय. या आजारात मुलग्यांचे हृदय जन्मापासून किंवा बालपणीच दुर्बल होते. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स संस्थेत २०१७ पासून 'टॅझपॉवर' या नावाने या औषधाची चाचणी झाली. तीत केवळ १२ रुग्ण सहभागी होते. चाचणीच्या पहिल्या टप्प्यात ठरवलेले प्राथमिक निकष पूर्ण झाले नाहीत, पण पुढील दीर्घ टप्प्यात रुग्णांमध्ये सुधारणा नोंदवली गेली. या परस्परविरोधी निष्कर्षांचा अर्थ कसा लावावा, यावर अनेक वर्षे वाद चालला. अखेर १९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने औषधाला सशर्त स्वरूपाची त्वरित मान्यता दिली. अत्यल्प रुग्णसंख्या असलेल्या आजारात औषधाची परिणामकारकता सिद्ध करणे किती अवघड असते, याचे उदाहरण म्हणून या चाचण्यांकडे पाहिले जाते.

आजाराची ओळख

बार्थ सिंड्रोमचे सविस्तर वर्णन नेदरलँड्समधील बालमेंदूविकारतज्ज्ञ पीटर बार्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये केले. त्यांनी अभ्यासलेल्या डच कुटुंबात अनेक मुलगे लहानपणीच हृदय निकामी होऊन किंवा जंतुसंसर्गाने दगावले होते, तर मुलींमध्ये आजार दिसत नव्हता. हृदयाचे स्नायू, शरीराचे स्नायू आणि न्यूट्रोफिल या प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी अशा तीन ठिकाणी दोष आढळत असल्याने हा एक स्वतंत्र आजार असल्याचे स्पष्ट झाले.

आजाराचे कारण असलेले जनुक १९९६ मध्ये इटलीतील संशोधकांनी शोधले. ते एक्स गुणसूत्रावर असते. त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाला त्यांनी 'टॅफाझिन' असे नाव दिले. हे नाव स्वतःलाच इजा करून घेणाऱ्या 'टॅफाझी' या इटालियन दूरचित्रवाणीवरील विनोदी पात्रावरून घेतले असून, शोधकार्यात सोसाव्या लागलेल्या कष्टांकडे त्याचा रोख आहे.

पुरुषांमध्ये एकच एक्स गुणसूत्र असल्यामुळे त्यावरील जनुक सदोष असल्यास आजार होतो. स्त्रियांमध्ये दोन एक्स गुणसूत्रे असतात. त्यामुळे सदोष जनुक असलेल्या स्त्रिया सहसा केवळ वाहक असतात आणि त्यांना स्वतःला लक्षणे जाणवत नाहीत. वाहक आईच्या प्रत्येक मुलाला, म्हणजे मुलग्याला, आजार होण्याची शक्यता ५० टक्के असते. काही रुग्णांमध्ये उत्परिवर्तन नव्यानेच घडलेले असते आणि कुटुंबात आजाराचा पूर्वेतिहास नसतो. अमेरिकेत या आजाराचे सुमारे १५० रुग्ण असल्याचे तेथील औषध प्रशासनाने नमूद केले आहे.

हृदयावरील परिणाम

हृदय अहोरात्र काम करते आणि त्यासाठी लागणारी बहुतांश ऊर्जा हृदयपेशींमधील तंतुकणिकांमध्ये तयार होते. तंतुकणिकेला दोन आवरणे असतात. आतील आवरणाला असंख्य घड्या असतात आणि ऊर्जानिर्मिती करणाऱ्या प्रथिनांच्या साखळ्या या घड्यांवर बसलेल्या असतात. या आवरणात कार्डिओलिपिन नावाचा एक विशिष्ट मेदपदार्थ असतो. १९४२ मध्ये मेरी पँगबॉर्न यांनी तो प्रथम बैलाच्या हृदयापासून वेगळा केला, म्हणून त्याच्या नावात हृदयाचा उल्लेख आहे.

कार्डिओलिपिनच्या रेणूला मेदाम्लांच्या चार साखळ्या असतात. नव्याने तयार झालेल्या रेणूतील साखळ्या बदलून त्यांच्या जागी योग्य साखळ्या बसवण्याचे काम टॅफाझिन करते. निरोगी हृदयात बहुसंख्य रेणूंच्या चारही जागी लिनोलेइक आम्ल असते. टॅफाझिन नसल्यास हे काम अपुरे राहते, परिपक्व कार्डिओलिपिन कमी होते आणि तीनच साखळ्या असलेला मोनोलायसोकार्डिओलिपिन हा अर्धवट रेणू साचतो. आवरणाच्या घड्या विस्कटतात, ऊर्जानिर्मितीची साखळी अस्थिर होते आणि स्नायूंना पुरेशी ऊर्जा मिळत नाही. रक्तातील या दोन रेणूंचे परस्परप्रमाण मोजून आजाराचे निदान करता येते.

बहुतेक रुग्णांमध्ये हृदयस्नायूचा विकार पाच वर्षांच्या आत, आणि पुष्कळदा पहिल्या वर्षातच उघडकीस येतो. डावे निलय फुगते आणि त्याचे आकुंचन क्षीण होते. काहींमध्ये निलयाची भिंत जाळीदार, स्पंजासारखी राहते. हृदयाचे ठोके धोकादायक रीतीने अनियमित होऊन आकस्मिक मृत्यूही संभवतो. याशिवाय स्नायूंची दुर्बलता, तीव्र थकवा, वाढ खुंटणे आणि न्यूट्रोफिल कमी झाल्याने वारंवार होणारे जंतुसंसर्ग ही लक्षणे आढळतात. बालपणातील संकटातून वाचलेल्या रुग्णांचे हृदय काही काळ स्थिर राहू शकते, परंतु प्रत्येक ठोक्यागणिक बाहेर टाकल्या जाणाऱ्या रक्ताचे प्रमाण त्यांच्यात कमी असते आणि थोड्या श्रमानेही ते थकतात.

प्रचलित उपचार

एलामिप्रेटाइडपूर्वी उपलब्ध असलेले सर्व उपचार लक्षणांवर आधारित होते. दुर्बल हृदयासाठी एसीई रोधक आणि बीटा रोधक औषधे वापरली जातात. ठोके अनियमित होण्याचा धोका असल्यास विजेचा झटका देऊन ते पूर्ववत करणारे उपकरण छातीत बसवले जाते. हृदय पूर्णपणे निकामी होऊ लागल्यास यांत्रिक पंपाचा आधार आणि शेवटी हृदय प्रत्यारोपण हे पर्याय उरतात. न्यूट्रोफिल वाढवण्यासाठी जी-सीएसएफ हे इंजेक्शन दिले जाते. या उपचारांनी अनेक मुलांचे आयुष्य वाढले, परंतु तंतुकणिकेतील मूळ दोषावर त्यांचा परिणाम होत नाही.

एलामिप्रेटाइडचा शोध

एलामिप्रेटाइड हा चार अमिनो आम्लांचा लहान रेणू आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातील हेझल सेटो आणि कॅनडातील माँट्रियल येथील पीटर शिलर यांनी तो विकसित केला. त्या दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्याला प्रारंभी 'एसएस-३१' म्हटले जाई. वेदनाशामक पेप्टाइडांवर संशोधन चालू असताना अशा प्रकारचे रेणू पेशीत शिरून तंतुकणिकांमध्ये गोळा होतात, असे लक्षात आले. पुढे हा रेणू आतील आवरणातील कार्डिओलिपिनशी बांधला जातो, हेही दिसून आले.

औषध सदोष जनुक दुरुस्त करत नाही किंवा टॅफाझिनची जागाही घेत नाही. उपलब्ध कार्डिओलिपिनला चिकटून आवरणाची रचना सावरणे, हे त्याचे अपेक्षित कार्य आहे.

बार्थ सिंड्रोमच्या आधी हे औषध अधिक प्रमाणात आढळणाऱ्या विकारांवर तपासण्यात आले होते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर हृदयस्नायूची हानी कमी होते का, हे पाहणाऱ्या चाचणीत अपेक्षित लाभ दिसला नाही. हृदय निकामी होत असलेल्या प्रौढांमधील चाचणीतही निलयाच्या आकारमानात अपेक्षित सुधारणा झाली नाही. तंतुकणिकांच्या विविध आनुवंशिक स्नायुविकारांवरील २१८ रुग्णांच्या चाचणीलाही यश आले नाही. या इतिहासामुळे औषधाविषयी साशंकता होती. दुसऱ्या बाजूने, बार्थ सिंड्रोममध्ये मूळ दोष कार्डिओलिपिनमध्येच असल्यामुळे या औषधाची खरी कसोटी याच आजारात लागेल, असाही युक्तिवाद केला जात होता.

लहान चाचणीची रचना

सामान्य आजारांत शेकडो किंवा हजारो रुग्णांचे यादृच्छिक रीतीने दोन गट करतात. एका गटाला औषध आणि दुसऱ्याला प्लासिबो, म्हणजे औषधासारखे दिसणारे परंतु औषधी घटक नसलेले द्रव्य देतात. गट मोठे असल्यामुळे वय, तीव्रता इत्यादी फरक दोन्हीकडे सारखे विभागले जातात. बारा रुग्णांचे प्रत्येकी सहाचे दोन गट केल्यास एखाद्या अधिक आजारी रुग्णामुळेही संपूर्ण निष्कर्ष बदलू शकतो.

यावर उपाय म्हणून टॅझपॉवरमध्ये क्रॉसओव्हर, म्हणजे आलटून-पालटून उपचार देण्याची पद्धत निवडण्यात आली. प्रत्येक रुग्णाला १२ आठवडे औषध आणि १२ आठवडे प्लासिबो देण्यात आले. कोणाला आधी काय मिळेल, हे यादृच्छिक रीतीने ठरवले गेले. दोहोंच्या मध्ये ४ आठवड्यांचा औषधविराम होता, जेणेकरून पहिल्या उपचाराचा परिणाम ओसरावा. रुग्णाला आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही कोणता उपचार चालू आहे, हे कळू दिले जात नव्हते. या पद्धतीत प्रत्येक रुग्णाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते आणि कमी संख्येतून अधिक माहिती मिळते.

सहभागी रुग्ण १२ वर्षांचे किंवा त्याहून मोठे आणि चालू शकणारे होते. औषधाची मात्रा दररोज ४० मिलिग्रॅम होती आणि ते त्वचेखाली टोचले जाई. प्राथमिक निकष दोन होते. पहिला निकष म्हणजे सहा मिनिटांत रुग्ण किती मीटर चालतो. दुसरा निकष म्हणजे या आजारासाठी खास तयार केलेल्या प्रश्नावलीतील थकव्याची गुणसंख्या. हृदयाची स्वनातीत ध्वनिलहरींद्वारे तपासणी, गुडघा सरळ करणाऱ्या स्नायूंची ताकद आणि इतर मोजमापे दुय्यम होती.

मृत्यू किंवा हृदय प्रत्यारोपण हा निकष ठेवणे शक्य नव्हते. बारा रुग्णांमध्ये काही महिन्यांत अशा घटना मोजण्याइतक्या घडत नाहीत. चाचणीला हृदयविकाराची पार्श्वभूमी असली, तरी तिचा निर्णय मुख्यतः चालण्याच्या अंतरावर आणि थकव्यावर अवलंबून राहिला, त्याचे कारण हेच होते.

पहिल्या टप्प्याचा निष्कर्ष

पहिल्या टप्प्यात औषधाच्या काळात आणि प्लासिबोच्या काळात दोन्ही प्राथमिक निकषांमध्ये निर्णायक फरक आढळला नाही. प्रचलित मोजपट्टीनुसार ही चाचणी अयशस्वी ठरली.

या अपयशाची दोन स्पष्टीकरणे संभवतात. औषध परिणामकारक नसेल, हे पहिले. १२ आठवड्यांचा काळ अपुरा असेल, हे दुसरे. तंतुकणिकांची रचना सावरून स्नायूंची ताकद वाढण्यास वेळ लागू शकतो. शिवाय आधी औषध घेतलेल्या रुग्णांमध्ये परिणाम ४ आठवड्यांत पूर्ण ओसरला नाही, तर प्लासिबोच्या काळातही ते बरे दिसतात आणि दोहोंमधील फरक पुसला जातो. क्रॉसओव्हर पद्धतीची ही जुनी मर्यादा आहे. पहिल्या टप्प्यातील आकड्यांवरून यांपैकी कोणते स्पष्टीकरण खरे, हे ठरवता येत नव्हते.

खुला टप्पा

यानंतर १० रुग्णांनी खुल्या टप्प्यात प्रवेश केला. या टप्प्यात सर्वांना औषध दिले जाते आणि ते सर्वांना माहीत असते. ३६ आठवड्यांनंतर सहा मिनिटांतील चालण्याचे अंतर सरासरी ९५.९ मीटरने वाढले आणि थकव्याची गुणसंख्या २.१ गुणांनी घटली. गुडघ्याच्या स्नायूंची ताकद आणि हृदयाची काही मोजमापे यांतही सुधारणा नोंदवली गेली. हे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे १६८ आठवड्यांपर्यंत, म्हणजे तीन वर्षांहून अधिक काळ, उपचार घेतलेल्या रुग्णांमध्ये चालण्यातील वाढ टिकून राहिली. प्रत्येक ठोक्यातील रक्ताच्या प्रमाणातही वाढ दिसली.

इंजेक्शनच्या जागी लाली, खाज, वेदना किंवा गाठ येणे हा सर्वाधिक आढळणारा दुष्परिणाम होता.

खुल्या टप्प्यातील पुराव्याला काही मूलभूत मर्यादा आहेत. तुलनेसाठी प्लासिबो नसतो. चालण्याची चाचणी रुग्णाच्या प्रयत्नावर अवलंबून असते आणि आपल्याला औषध मिळत आहे, या जाणिवेने रुग्ण अधिक जोर लावू शकतो. काही रुग्ण मध्येच बाहेर पडल्यास उरलेल्यांची सरासरी अधिक चांगली दिसू शकते. हृदयाची मोजमापे प्रयत्नावर तितकी अवलंबून नसतात, पण ती दुय्यम होती आणि आठ-दहा रुग्णांपुरती मर्यादित होती.

नैसर्गिक इतिहासाशी तुलना

प्लासिबो गटाची उणीव भरून काढण्यासाठी संशोधकांनी उपचार न घेतलेल्या १९ बार्थ रुग्णांच्या जुन्या नोंदी वापरल्या. औषधाविना आजार कसा पुढे जातो, याच्या अशा नोंदींना नैसर्गिक इतिहास म्हणतात. दोन गटांतील आरंभीचे फरक सांख्यिकी पद्धतीने समतोल करून तुलना केली असता, ६४ आठवड्यांनंतर औषध घेणारे रुग्ण सरासरी ७९.७ मीटर अधिक चालल्याचे आढळले.

दुर्मीळ आजारांत ही पद्धत अनेकदा वापरली जाते. मात्र दोन गट यादृच्छिक रीतीने पाडलेले नसल्याने मोजमापाची परिस्थिती, रुग्णांची प्रेरणा किंवा मिळणारी शुश्रूषा यांतील न दिसणारे फरक उरू शकतात. आकडेमोडीने ज्ञात फरक दूर करता येतात, अज्ञात फरक दूर करता येत नाहीत.

मान्यतेची प्रक्रिया

अमेरिकेत २ लाखांहून कमी लोकांना होणाऱ्या आजारांवरील औषधांना प्रोत्साहन देणारा कायदा १९८३ मध्ये, म्हणजे बार्थ यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, संमत झाला. या कायद्याने कंपन्यांना करसवलत आणि ठरावीक काळ विक्रीचा एकाधिकार मिळतो, परंतु परिणामकारकतेच्या पुराव्याची अट शिथिल होत नाही.

स्टेल्थ बायोथेरप्युटिक्स या कंपनीने २०२१ मध्ये केलेला अर्ज पुरेशा नियंत्रित चाचणीचा पुरावा नसल्याच्या कारणावरून प्रशासनाने विचारार्थही स्वीकारला नाही. रुग्णांची कुटुंबे आणि २००० मध्ये स्थापन झालेले बार्थ सिंड्रोम फाउंडेशन यांनी पुनर्विचारासाठी पाठपुरावा केला. आणखी एक मोठी चाचणी घ्यावी इतके रुग्णच जगात सहज उपलब्ध नाहीत आणि बाळांना प्रतीक्षा करण्यास वेळ नाही, असे त्यांचे म्हणणे होते. परिणाम न करणाऱ्या औषधाला मान्यता मिळाल्यास रुग्णांना रोजची इंजेक्शने, खर्च आणि खोटी आशा सोसावी लागेल, तसेच पुढील औषधांची चाचणी अधिक अवघड होईल, अशी दुसरी बाजू होती.

२०२४ मध्ये अर्ज पुन्हा दाखल झाला. १० ऑक्टोबर २०२४ रोजी हृदय व मूत्रपिंड औषधांच्या सल्लागार समितीने औषध परिणामकारक असल्याच्या बाजूने १० विरुद्ध ६ मते दिली. तरीही मे २०२५ मध्ये प्रशासनाने मान्यता नाकारली. त्याच वेळी गुडघ्याच्या स्नायूंच्या ताकदीतील वाढीच्या आधारे त्वरित मान्यतेचा मार्ग मोकळा ठेवला. त्यानुसार नव्याने केलेल्या अर्जावर १९ सप्टेंबर २०२५ रोजी औषधाला 'फोर्झिनिटी' या व्यापारी नावाने मान्यता मिळाली. लाभाची पुष्टी करणारी पुढील चाचणी घेणे कंपनीवर बंधनकारक आहे.

हृदयविकाराबाबतची स्थिती

मान्यतेचा मजकूर काटेकोर आहे. किमान ३० किलोग्रॅम वजनाच्या रुग्णांमध्ये स्नायूंची ताकद सुधारण्यासाठी औषधाला मान्यता आहे. हृदयाचे कार्य सुधारणे किंवा आयुष्य वाढणे, हे लाभ त्यात समाविष्ट नाहीत. दीर्घ टप्प्यातील हृदयाची मोजमापे आशादायक असली, तरी नियंत्रित चाचणीत त्यांची पुष्टी झालेली नाही.

ज्या वयात आजार हृदयाला सर्वाधिक घातक ठरतो, ते अर्भकाचे वय या वजनमर्यादेच्या बाहेर आहे. गंभीर आजारी असलेल्या काही बाळांना हे औषध विशेष परवानगीने देण्यात आले आहे. अशा वैयक्तिक उदाहरणांतून माहिती मिळते, परंतु सोबत इतर उपचारही चालू असल्याने सुधारणा नेमकी कशामुळे झाली, हे ठरवणे कठीण असते.

इतर संशोधन

ब्रिटनमधील ब्रिस्टल येथे बार्थ सिंड्रोमसाठी राष्ट्रीय सेवा केंद्र आहे. तेथे रक्तातील मेद कमी करणाऱ्या बेझाफायब्रेट या जुन्या औषधाची 'कार्डिओमॅन' ही चाचणी झाली. उंदरांमध्ये या औषधाने हृदयाला लाभ झाला होता. ही चाचणीही लहान आणि क्रॉसओव्हर पद्धतीची होती. तीत रुग्णांच्या व्यायामक्षमतेत स्पष्ट सुधारणा आढळली नाही.

हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये बार्थ रुग्णांच्या पेशींपासून प्रयोगशाळेत हृदयपेशी तयार केल्या आणि त्यांच्या पातळ ऊतीचे आकुंचन दुर्बल असल्याचे दाखवले. टॅफाझिनचे निर्दोष जनुक दिल्यावर आकुंचन सुधारले. त्याच दिशेने निरुपद्रवी विषाणूद्वारे जनुक पोहोचवण्याचे प्रयोग उंदरांवर झाले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा जनुकोपचाराने उंदरांमधील हृदयाचा बिघाड टाळता आणि सुधारताही आला. मात्र परिणाम टिकण्यासाठी हृदयाच्या बहुसंख्य पेशींपर्यंत जनुक पोहोचणे आवश्यक ठरले. मानवी हृदयाचे आकारमान पाहता हे मोठे आव्हान आहे.

महत्त्व

टॅझपॉवरमधून दुर्मीळ आजारांतील चाचण्यांसाठी काही धडे मिळाले. उपचाराचा कालावधी औषधाच्या कार्यपद्धतीला साजेसा असावा लागतो. परिणाम हळूहळू दिसणार असेल, तर क्रॉसओव्हर पद्धत मर्यादित ठरते. कोणताही उपचार हाती येण्यापूर्वीच रुग्णांच्या नियमित आणि एकसारख्या नोंदी ठेवल्यास पुढे तुलनेसाठी त्यांचा उपयोग होतो. हृदयासाठी प्रयत्नावर अवलंबून नसलेले निकष आरंभीच प्राथमिक म्हणून ठरवल्यास निष्कर्षाविषयीची संदिग्धता कमी होऊ शकते. एलामिप्रेटाइडमुळे बार्थ सिंड्रोममधील हृदयाचे रक्षण होते का, या मूळ प्रश्नाचे उत्तर पुढील चाचण्यांवर अवलंबून आहे.